ई-पुस्तकाची किंमत बदलताय? आधी कामांचा क्रम लावून घ्या

"किंमत कमी केली, प्रती जास्त खपल्या, पण महिनाअखेर पैसे पूर्वीपेक्षा कमी आले." स्वतःची ई-पुस्तकं स्वतः विक्रीला लावणाऱ्या लेखकांची ही नेहमीची तक्रार. हिशेब तपासला तर बहुतेक वेळा गडबड किमतीच्या आकड्यात नसते, क्रमात असते. किंमत सगळ्यात आधी बदलली जाते. फाइल, करार, टक्केवारी आणि छापील आवृत्ती यांच्याकडे नंतर लक्ष जातं. त्यातच गेल्या वर्ष-दीड वर्षात विक्रीमंचांनी नव्या सोयी आणल्या, काही दर बदलले. त्यामुळे जुन्या सवयीने केलेला बदल आता जास्त महागात पडतो.

खालचे टप्पे ॲमेझॉनच्या केडीपी (लेखकाला स्वतःचं पुस्तक स्वतः विक्रीला लावू देणारी सेवा) या सेवेला मध्यभागी ठेवून लिहिले आहेत, कारण सर्वात जास्त अटी तिथेच आहेत. आकडे डॉलरमध्ये आहेत, कारण मूळ नियम त्यातच मांडलेले असतात. बदल करायच्या दिवशी मदत-पानावर ते एकदा पडताळून घ्या.

## १. आधी तक्ता मांडा

डॅशबोर्डात (विक्रीमंचावरचं तुमच्या खात्याचं पान) लगेच काही बदलू नका. एक कोरी स्प्रेडशीट घ्या आणि प्रत्येक पुस्तकासाठी एक ओळ भरा: कोणकोणत्या दुकानांत आहे, प्रत्येक ठिकाणची आजची किंमत, निवडलेली रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा (३५ की ७० टक्के), रूपांतरानंतरचा फाइलचा आकार, केडीपी सिलेक्टमध्ये (फक्त ॲमेझॉनवर विकण्याचा करार, चौथा टप्पा बघा) आहे का आणि असल्यास मुदत कधी संपते, डीआरएम (फाइलची नक्कल रोखणारं कुलूप) लावलंय का, छापील प्रतीची किंमत, पूर्वनोंदणी चालू आहे का.

फाइलचा आकार तुमच्या संगणकावर दिसतो तो धरू नका. केडीपीच्या किंमत-पानावर रूपांतर झालेल्या फाइलचा आकार दिसतो, तो लिहा. दोन्हींत बराच फरक पडू शकतो.

दुकानांच्या रकान्यात वितरकामार्फत (एकच पुस्तक अनेक दुकानांत पोचवणारी सेवा) गेलेली दुकानंही आली पाहिजेत. ड्राफ्टटूडिजिटलसारख्या वितरकाकडे एकदा पुस्तक टाकलं की ते पुढे कुठे कुठे गेलं हे लेखक विसरून जातो, आणि नेमकं तिथलंच एखादं विसरलेलं दुकान पुढे सहाव्या टप्प्यात आडवं येतं.

तपासा: तक्त्यात एकही रिकामा चौकोन उरलाय का? असेल तर पुढे जाऊ नका. "बहुधा सत्तर टक्केच असेल" हे उत्तर चालत नाही.

## २. फाइल हलकी करा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि पैसे इथेच गळतात.

७० टक्क्यांच्या पर्यायात ॲमेझॉन दर विक्रीमागे डिलिव्हरी खर्च कापतं. अमेरिकेच्या दुकानात तो एका एमबीला ०.१५ डॉलर आहे. आधी किमतीतून हा खर्च वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर ७० टक्के मिळतात.

समजा, भरपूर छायाचित्रं असलेलं प्रवासवर्णन आहे. फाइल १२ एमबी, किंमत २.९९ डॉलर. डिलिव्हरी खर्च झाला १.८० डॉलर. उरले १.१९, त्याचे ७० टक्के म्हणजे ०.८३ डॉलर. हेच पुस्तक ३५ टक्क्यांच्या पर्यायात ठेवलं असतं तर डिलिव्हरी खर्च नाही आणि हातात १.०५ डॉलर. म्हणजे "सत्तर" निवडून लेखक तोट्यात! आता चित्रं आटोपशीर करून तीच फाइल ४ एमबीवर आणा. खर्च ०.६०, उरले २.३९, हातात १.६७ डॉलर. किंमत तीच, वाचक तेच, आणि मिळकत दुप्पट.

लक्षात ठेवायला सोपा ठोकताळा असा: डिलिव्हरी खर्च किमतीच्या निम्म्यावर गेला की ३५ टक्क्यांचा पर्याय जास्त पैसे देतो. २.९९ डॉलरच्या पुस्तकासाठी ही हद्द साधारण १० एमबीला येते.

हलकं कसं करायचं? छपाईसाठी केलेली चित्रं जशीच्या तशी घालू नका. पडद्याला पुरेल इतक्या मापाची, जेपीईजी प्रकारातली प्रत वेगळी करा. नक्षीदार भागचिन्ह प्रत्येक प्रकरणाला नव्याने चिकटवलेलं असेल तर एकच चित्र पुन्हा वापरा. देवनागरी पुस्तकात फाँट फाइलमध्ये बसवलेला असेल तर चार वजनांचे चार फाँट खरंच लागतात का ते पाहा. साधा आणि ठळक एवढ्यावर बहुतेक पुस्तकांचं भागतं.

सावधान: मूळ प्रत मोबी या जुन्या ई-पुस्तक फाइल-प्रकारात जपून ठेवली असेल तर आताच ईपब या प्रकारात करून घ्या. मार्च २०२५ पासून केडीपी स्थिर मांडणीच्या (पानाची रचना पडद्याप्रमाणे न बदलणाऱ्या) पुस्तकांसाठीही मोबी घेत नाही. वाहत्या मजकुरासाठी ते त्याआधीच बंद झालं होतं. जुनी फाइल दुरुस्त करून पुन्हा चढवायला जाल आणि ऐन सवलतीच्या आदल्या दिवशी अडकाल.

## ३. टक्का निवडा, मग आकडा

७० टक्के मिळायला अमेरिकेच्या दुकानात किंमत २.९९ ते ९.९९ डॉलर यांच्या मध्ये हवी. त्याखाली किंवा त्यावर गेलात की ३५ टक्के. या दोन्ही टोकांना खड्डे आहेत.

खालचं टोक बघा. १ एमबीचं पुस्तक २.९९ ला विकलं तर साधारण १.९९ डॉलर मिळतात. तेच १.९९ ला विकलं तर ०.७० डॉलर. म्हणजे एक डॉलर उतरवल्यावर पूर्वीइतकेच पैसे मिळवायला जवळजवळ तिप्पट प्रती खपाव्या लागतात. मालिकेचा पहिला भाग स्वस्त ठेवून वाचक पुढच्या भागांकडे वळवायचे असतील तर हा सौदा समजून-उमजून करता येतो. एकट्या कादंबरीसाठी मी तो करायला सांगणार नाही.

वरचं टोक तर अधिकच फसवं. ९.९९ डॉलरला १ एमबीच्या पुस्तकाचे ६.८९ डॉलर मिळतात, १०.९९ केले की ३.८५. पुन्हा ६.८९ पर्यंत पोचायला किंमत १९.६८ च्या आसपास न्यावी लागेल. म्हणून १० ते १९ डॉलरच्या मधली किंमत जवळपास कधीच ठेवू नका. जाडजूड तांत्रिक पुस्तक असेल तर दोन भाग करून प्रत्येकी ९.९९ लावणं बहुधा बरं पडतं.

३५ टक्क्यांतही किमान किंमत आकारावर ठरते: ३ एमबीपर्यंत ०.९९, तिथून १० एमबीपर्यंत १.९९, आणि त्यावर २.९९ डॉलर. "नव्व्याण्णव सेंटला ठेवायचंय, पण ठेवू देत नाही" अशी अडचण आली तर उत्तर दुसऱ्या टप्प्यात आहे.

आता छापील प्रत. ७० टक्के हवे असतील तर ई-पुस्तकाची किंमत छापील प्रतीच्या सर्वांत कमी किमतीपेक्षा निदान २० टक्के कमी हवी. छापील ९.९९ ला असेल तर ई-पुस्तक ७.९९ पर्यंतच. शिवाय १० जून २०२५ पासून केडीपीच्या छापील प्रतींचा दर बदलला आहे: ९.९९ डॉलरपेक्षा कमी किमतीच्या पेपरबॅकवर ६० ऐवजी ५० टक्के, आणि त्यातून छपाईखर्च वजा. म्हणजे खप वाढावा म्हणून पेपरबॅक ८.९९ वर आणलंत, तर छापील प्रतीवरचा टक्का उतरतो आणि ई-पुस्तकाची कमाल मर्यादाही ७.१९ वर येते. एक आकडा बदलला, दोन ठिकाणी फटका बसला.

तपासा: स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या मजकुराचं पुस्तक आहे का? त्याला ७० टक्के मिळत नाहीत, किंमत काहीही ठेवा.

## ४. एकाच दुकानात, की सगळीकडे?

केडीपी सिलेक्ट म्हणजे ९० दिवसांचा एकाधिकार. त्या काळात ई-पुस्तक दुसऱ्या दुकानात, स्वतःच्या संकेतस्थळावर, फुकटसुद्धा ठेवता येत नाही. नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंतचा मजकूर चालतो, आणि छापील प्रत कुठेही विकायला मोकळीक आहे. बदल्यात पुस्तक किंडल अनलिमिटेडमध्ये (ॲमेझॉनची वर्गणी भरून वाचायची योजना) जातं आणि वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात. या पानांच्या पैशांचा पुस्तकाच्या किमतीशी काही संबंध नाही, हे इथे महत्त्वाचं. तुमची निम्मी मिळकत वाचलेल्या पानांतून येत असेल तर किंमत उतरवून त्या निम्म्यात काहीच फरक पडणार नाही.

दुसऱ्या बाजूला, ॲपल बुक्स सर्व किमतींना ७० टक्के देतं. कोबो हे दुसरं ई-पुस्तक दुकान २.९९ डॉलर आणि त्यावर ७०, त्याखाली ४५ टक्के. वितरकामार्फत गेलात तर त्याचा वाटा वेगळा. ड्राफ्टटूडिजिटल किमतीच्या सुमारे १० टक्के घेतं. त्यामुळे ०.९९ ला ठेवायचं पुस्तक असेल तर इतर दुकानांत ते ॲमेझॉनपेक्षा जास्त देऊन जातं.

सिलेक्टमधून बाहेर पडताना होणारी चूक ठरलेली आहे. लेखक "बाहेर पडा" वर टिचकी मारतो आणि त्याच संध्याकाळी पुस्तक दुसरीकडे चढवतो. टिचकीने फक्त आपोआप होणारं नूतनीकरण थांबतं. करार ९० दिवस पूर्ण होईपर्यंत चालूच असतो. दुसऱ्या दुकानातली पूर्वनोंदणीसुद्धा त्या तारखेनंतरच लावा.

## ५. नव्या सोयी एकेक करून बघा

किंमत हलवण्याआधी या सोयींचा निर्णय घ्या, कारण त्यांतल्या काही मागे घेता येत नाहीत आणि काहींना स्वतःची वेगळी किंमत असते.

डीआरएम आणि डाउनलोड. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने हलवण्याची सोय काढून टाकली. त्यानंतर जानेवारी २०२६ पासून डीआरएम नसलेली केडीपी पुस्तकं विकत घेतलेल्या वाचकांना ईपब आणि पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. जुन्या पुस्तकांना हे आपोआप लागू होत नाही. लेखकाने डॅशबोर्डात जाऊन निवड बदलावी लागते. बदलली की आधीच्या खरेदीदारांनाही ती सोय मिळते.

माझं मत विचाराल तर संदर्भग्रंथ, अभ्यासाची पुस्तकं, कोश यांना डीआरएम काढून ठेवा. वाचकाला ती वेगवेगळ्या उपकरणांवर उघडायची असतात. पण निर्णय घाईत घेऊ नका. उद्या पुन्हा डीआरएम लावलंत तरी आज उतरवून घेतलेल्या फाइली परत येणार नाहीत.

यंत्राच्या आवाजातलं श्राव्य पुस्तक. केडीपीतली ही सोय निमंत्रितांपासून सुरू झाली. याची किंमत ३.९९ ते १४.९९ डॉलर यांच्या दरम्यान ठेवावी लागते आणि रॉयल्टी ४० टक्के आहे. डॅशबोर्डात दिसली म्हणून लगेच चालू करू नका. निदान तीन प्रकरणं पूर्ण ऐका: एक संवादांचं, एक आकडे-तारखांचं, एक विशेषनामांचं. चुका त्याच ठिकाणी सापडतात.

यांत्रिक भाषांतर. किंडल ट्रान्सलेट नोव्हेंबर २०२५ मध्ये आलं. सुरुवात इंग्रजी-स्पॅनिश दोन्ही दिशांनी आणि जर्मनमधून इंग्रजीत अशी झाली. भाषांतरित आवृत्तीचं पान वेगळं असतं, म्हणून तक्त्यात तिची ओळही वेगळी करा. ती भाषा जाणणारा कुणी वाचून देणार नसेल तर तूर्त थांबा. वाईट भाषांतराला वाचकांनी दिलेले कमी तारे तुमच्याच नावावर जमा होतात.

पुस्तकाला प्रश्न विचारा. किंडल ॲपमध्ये २०२५ च्या अखेरीस आलेल्या या सोयीत वाचक पुस्तकातल्या मजकुराबद्दल प्रश्न विचारू शकतो. लेखकाला ती बंद करण्याचं बटण नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका.

सावधान: मजकूर, चित्रं किंवा भाषांतर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेलं असेल तर केडीपीवर ते जाहीर करावं लागतं. मुखपृष्ठसुद्धा त्यात आलं. स्वतः लिहिलेल्या मजकुराची भाषा यंत्राकडून तपासून घेतली तर जाहीर करण्याची गरज नाही.

## ६. आता किंमत, पण या क्रमाने

ॲमेझॉन इतर दुकानांतली किंमत बघतं आणि तिथे कमी असेल तर स्वतःची उतरवू शकतं. ७० टक्क्यांच्या पर्यायात मग रॉयल्टी त्या उतरवलेल्या किमतीवर मिळते. म्हणून नियम एकच धरा: ॲमेझॉनवरची किंमत कुठल्याही क्षणी सर्वांत जास्त असता कामा नये.

किंमत वाढवताना: आधी वितरकाकडे, मग कोबो-ॲपल यांच्या थेट खात्यांत, आणि सगळीकडे नवा आकडा दिसू लागल्यावरच ॲमेझॉनवर. वितरकामार्फत गेलेल्या दुकानांना काही दिवस लागू शकतात. वितरकाच्या डॅशबोर्डात "पाठवले" असं दिसणं पुरेसं नाही, दुकानाचं पान उघडून बघा.

किंमत उतरवताना: उलट. आधी ॲमेझॉन, मग बाकीचे.

पहिला भाग कायमचा फुकट ठेवायचा असेल तर केडीपीत शून्य हा आकडा भरता येत नाही. इतर दुकानांत शून्य करून ॲमेझॉनला ते कळवणं हाच मार्ग, आणि मानायचं की नाही हे त्यांच्या मर्जीवर. तारीख जाहीर करून बसू नका.

पूर्वनोंदणी चालू असताना किंमत उतरवलीत तर आधी नोंदणी केलेल्यांनाही त्या काळातली सर्वांत कमी किंमतच लागते. "एक दिवसापुरतं ०.९९ करून बघतो" हा प्रयोग तेव्हा अंगाशी येतो.

तपासा: आजच मुखपृष्ठ, पाठमजकूर (दुकानाच्या पानावरची पुस्तकाची ओळख) किंवा जाहिरातही बदलताय का? मग किंमत पुढे ढकला. तिन्ही एकदम बदलल्यावर खप कशाने हलला ते कळणार नाही.

## ७. देशागणिक आकडे हाताने भरा

मूळ दुकानाची किंमत भरली की बाकीच्या देशांचे आकडे विनिमय दराने आपोआप भरले जातात, आणि ते ओबडधोबड येतात. नुसतं दिसण्याचा प्रश्न नाही. प्रत्येक चलनात ७० टक्क्यांची हद्द वेगळी आहे आणि आपोआप आलेला आकडा हद्दीबाहेर पडू शकतो. प्रत्येक ओळ उघडा, रॉयल्टीचा अंदाज बघा, मग पुढची.

भारत, जपान, ब्राझील आणि मेक्सिको इथल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक सिलेक्टमध्ये असावं लागतं, नाहीतर ३५. तुमचे वाचक मुख्यतः यांपैकी एखाद्या देशात असतील तर चौथ्या टप्प्यातला निर्णय परत एकदा बघा. सगळीकडे पसरण्याचा खरा खर्च तिथे दिसतो.

## ८. सवलत लावायची असेल तर

काउंटडाउन डील (केडीपीची ठरावीक मुदतीची सवलत) फक्त अमेरिका आणि ब्रिटनच्या दुकानांत चालतं, जास्तीत जास्त सात दिवस, आणि पुस्तक सिलेक्टमध्ये हवं. फायदा असा की किंमत २.९९ च्या खाली गेली तरी ७० टक्के कायम राहतात.

गोची आहे ती ३० दिवसांची. सवलतीआधी ३० दिवस किंमत बदललेली नसावी. नवी किंमत पाच तारखेला लावून वीस तारखेची सवलत जाहीर करणारे लेखक इथेच अडकतात. शिवाय डिलिव्हरी खर्च सवलतीतही कापला जातो: ०.९९ ला विकलेल्या ४ एमबीच्या पुस्तकाचे २७ सेंट मिळतात, आणि ७ एमबीच्या पुस्तकाचा डिलिव्हरी खर्च किमतीपेक्षाच जास्त होतो.

वेळ अमेरिकेसाठी पॅसिफिक घड्याळाची असते. वाचकांना "उद्या सकाळपासून" असं लिहू नका. दुकानात किंमत उतरलेली डोळ्यांनी बघा आणि मगच दुवा पाठवा.

## ९. बदलानंतरची तपासणी

केडीपीतला बदल दिसायला ७२ तासांपर्यंत लागू शकतात. तेवढ्यात पुन्हा पुन्हा आकडा बदलून बघू नका. प्रत्येक बदल रांगेत नव्याने लागतो.

तीन दिवसांनी लॉग-इन न करता, खाजगी खिडकीत प्रत्येक दुकानाचं पान उघडा. किंमत बघा, आणि पाठमजकुरात, लेखकाच्या पानावर, जुन्या जाहिरातींत जुना आकडा राहिलाय का तेही बघा. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर "पुढचा भाग फक्त अमुक डॉलरला" असं लिहिलं असेल तर फाइलमधूनच ते काढा.

मग पहिली विक्री झाली की अहवालात त्या एका विक्रीची रॉयल्टी शोधा आणि तुमच्या तक्त्यातल्या अंदाजाशी ताडा. जुळली नाही तर कारण बहुधा या तीनपैकी एक: विक्री ७० टक्के लागू नसलेल्या देशातली आहे, फाइलचा आकार वाढलाय, किंवा ॲमेझॉनने दुसरीकडची कमी किंमत उचलली आहे.

शेवटी तक्त्यात नवी किंमत आणि बदलाची तारीख टाका. पुस्तक सिलेक्टमध्ये असेल तर मुदत संपण्याच्या दहा दिवस आधीचं स्मरणपत्र फोनमध्ये लावा, नाहीतर पुढचे ९० दिवस आपोआप सुरू होतील.